पहिले गिऱ्हाईक

नवा उद्योग काढावयाचा तर सरकारने भांडवल पुरवावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली, तीत १०,००० कोटी रुपयांचा निधी ठेवला. २०२१ साली प्राथमिक प्रयोगांसाठी ९४५ कोटींचा बीजनिधीही आला. या रकमा लहान नाहीत आणि आम्ही त्यांचे मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि पैशाने सारे साधते, असे आम्हांस वाटत नाही.

बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना सभामंडप बांधण्याचे काम दिले. मग कुंडल रोड स्टेशनानजीकचे ३२ एकर माळरान दिले, बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी काम, मग कर्ज! छोट्याशा संस्थानाला हा क्रम उमगला होता.

आजच्या तरुण संशोधकाचे यंत्र कितीही चांगले असो, सरकारी निविदेत प्रथम विचारतात, ‘पूर्वानुभव किती? उलाढाल किती?’ ज्याचा उद्योग कालच जन्मला, त्याने अनुभव आणावा कोठून? केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनी नवोद्योगांसाठी ही अट शिथिल करण्याची मुभा दिली. आमच्या मते हे पाऊल बीजनिधीहूनही मोलाचे आहे. परंतु ती मुभाच. अधिकाऱ्यास जुना पुरवठादारच सोयीचा वाटला, तर नियम कागदावर राहतो. लघुउद्योगाचे देणे ४५ दिवसांत चुकते करावे, असा कायदाही २००६ पासून आहे, विलंबास चक्रवाढ व्याज आहे. पण ज्याच्याकडून पुढचे काम मिळवावयाचे, त्याच्यावर दावा कोण लावील?

सरकारने कर्ज द्यावे, अनुदान द्यावे. पण त्याआधी पहिले गिऱ्हाईक व्हावे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अनेक शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत. त्यांतील कोणी उद्या काही घडवून आणील, तेव्हा जिल्ह्याच्या रुग्णालयाने वा नगरपालिकेने ते वापरून पाहावे, दोष सांगावेत, दुरुस्तीस सहा महिने द्यावेत आणि पैसे वेळेवर चुकते करावेत.