फ्यूजला तार बांधणारे महाभाग

स्कूटरचा फ्यूज उडाला की आपल्याकडचे बरेच मेकॅनिक काय करतात? सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळतात, नाहीतर तांब्याची तार बांधतात. "झालं काम, साहेब!" आणि साहेबही खूश, कारण वेळ वाचला. मंडळी, याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

वायर जळू नये म्हणूनच फ्यूज वितळतो. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॉट झाले. ३५ वॉटचा हेडलाइट जेमतेम तीन अँपिअर घेतो. मग नवा फ्यूजही लगेच उडत असेल, तर बहुतेक कुठेतरी सोललेली वायर बॉडीला टेकलीय. तिथे तार बांधलीत की पुढे जळणार ते वायरिंगच... आणि गाडीत पेट्रोल असतं हो! १० च्या जागी २० चा फ्यूज ठोकणारेही याच माळेचे मणी.

"शॉर्ट शोधायला वेळ कुणाला आहे?" ही सबब ऐकून कान किटले. अहो, फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटेल. मग एकेक कनेक्टर काढत जा. ज्याने बल्ब विझेल किंवा मंदावेल, तिथेच चोर! हँडल वळतं तिथल्या वायरी, ब्रेकलाइटचा स्विच आणि हौसेने बसवलेला म्युझिकल हॉर्न आधी तपासा.

असो. पुढच्या वेळी मेकॅनिकने तार काढली, की सरळ त्याचा हात धरा.