आदिवासी बनून जायचंय

निडी स्टेशनात दिवा-रोहा गाडी थांबते ती जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात टोपल्या चढवायच्या, पोरं चढवायची आणि आपण चढायचं, हे काम आमच्याकडच्या कातकरी बायांनाच जमतं. जुलै सरत आला की टोपल्यांत कंटोली, भारंगी, कुर्डू, टाकळा. रोह्याच्या बाजारात दुपारपर्यंत विकून परत.

अशीच एक ओळखीची म्हातारी परवा फलाटावर भेटली. अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल. गाडीला वेळ होता. ती म्हणाली, "दादा, तुमच्या घरात जुनं लुगडं हाय का? नऊवारी?"

"कशाला गं?"

"नातीला शाळेत नऊ तारखेला आदिवासी बनून जायचंय."

मी हसलो आणि मग हसू ओसरलं. कातकऱ्याची पोर, जन्माने आदिवासी, दाखला आदिवासीचा, आणि तिला ९ ऑगस्टला आदिवासी बनून जायचंय. त्यासाठी लागणारं लुगडं तिच्या घरात नाही म्हणून ते आमच्यासारख्याकडे मागायचं. आमच्या घरातली लुगडी केव्हाच गोधड्यांत गेली. तसं सांगितलं तर म्हातारी म्हणाली, "आमची तर गोधडीत पण नाय गेली. अंगावरच फाटली."

वाचकहो, हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

कातकरीण गुडघ्याच्या वर कासोटा मारून आखूड लुगडं नेसायची, हे आम्ही लहानपणी पाहिलं आहे. आज व्यासपीठावर त्याला 'पारंपरिक वेशभूषा' म्हणतात. मुंबईचे पाहुणे फोटो काढतात. खोटं कशाला बोला, असे फोटो मीही काढलेत. पण ते लुगडं आखूड का होतं? एक कारण उघड आहे. खाजणातल्या चिखलात चिंबोऱ्या धरायच्या, डोंगर चढून मोळी आणायची, लावणीला वाकायचं, तिथे घोळदार कापड काय कामाचं? आमच्या आगरी, कोळी बायाही कासोटाच मारायच्या. दुसरं कारण त्याहून उघड, कापडच तेवढं होतं. धुवायला दुसरं नाही म्हणून अर्धं नेसून अर्धं वाळवायचं, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. पहिल्या कारणाचं कौतुक जरूर करा. दुसऱ्याचं कसलं कौतुक?

कपडा ही नुसती हौस नसते, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मनुस्मृतीचं दहन केलं ते सर्वांना ठाऊक असतं. त्याच मुक्कामात त्यांनी जमलेल्या बायांपुढे वेगळं भाषण केलं, ते मात्र कमी जणांना ठाऊक आहे. त्यांचा मुद्दा असा होता की तुमची आखूड लुगड्याची पद्धत आणि गळ्याहातातले कथलाचे, चांदीचे जड दागिने हीच तुमच्या अस्पृश्यपणाची खूण झाली आहे, ती टाका. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ असू द्या. बायांनी ते नुसतं ऐकलं नाही, लगेच लुगडी लांब नेसून दाखवली. तिकडे दक्षिणेत त्रावणकोरात नाडर बायांना अंग झाकण्याचा हक्क मिळवायला कित्येक वर्षं झगडावं लागलं, १८५९ साली राजाला जाहीरनामा काढावा लागला. म्हणजे कुणी किती कापड वापरायचं हे ठरवणारे दुसरेच असायचे. मग आज आमच्या म्हातारीने नऊवारी सोडून मॅक्सी घातली तर आपल्याला 'संस्कृती बुडाली' असं का वाटावं? आपल्या घरातल्या बायकाही मॅक्सीतच असतात की.

या सगळ्यात एक झाड आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खैर. कातकरी हे नावच मुळी कात करणारे म्हणून पडलं. खैर तोडायचा, बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकायचं, आतल्या तांबड्या गाभ्याच्या चिपा काढायच्या, मडक्यांत उकळायच्या, तो काढा गाळून आटवायचा आणि थिजला की वड्या पाडायच्या. थंडीचे महिने कुटुंबंच्या कुटुंबं रानात राहून हे काम करीत. आज आपल्याला कात पानापुरता माहीत. पण तो रंगही होता. सुती कापडाला पक्का तपकिरी रंग काताने येई. कोळ्यांची जाळी, गलबतांची शिडं काताने रंगवत, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. आणि गंमत बघा, पूर्वी खाकी कापड रंगवायलाही कात वापरत. ज्याने कात केला त्याच्या अंगावर पाच हात कापड नाही, आणि त्याच रंगाची खाकी घातलेला शिपाई त्याला खैराला हात लावू देत नाही!

१८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानं झाली आणि कात करणाऱ्याचा धंदा हा गुन्हा होऊन बसला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्यानंतर वीटभट्ट्या. रानावरच्या या बंदीविरुद्ध आपल्या जिल्ह्यात रक्त सांडलं आहे. २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या यादीत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी. जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या गर्दीत हे नाव जरा मोठ्याने घ्यायला हवं.

आता कुणी म्हणेल, २००६ चा वनहक्क कायदा आला ना? आला, आणि चांगला आला. गौण वनोपजावर मालकी मिळाली. मध, डिंक, बांबू, औषधी पाला यात आहे. पण इमारती-जळाऊ लाकूड गौण वनोपजात धरत नाहीत, आणि कात तर खैराच्या गाभ्यातून निघतो, म्हणजे झाड पाडल्याशिवाय मिळत नाही. ज्या मालावरून जमातीचं नाव पडलं, नेमका तोच हक्काच्या यादीबाहेर. चिपळूणकडे काताचे कारखाने आहेत, त्यांना खैर लागतो, खासगी जमिनीतला खैर परवानगी काढून विकताही येतो. पण त्याला आधी जमीन नावावर असावी लागते. ती कातकऱ्याकडे कुठे?

कापडाचं पुढे काय झालं तेही आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळतं. १९८२ साली पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. अशा धाग्याचं कापड स्वस्त, पटकन वाळणारं, वर्षानुवर्षं न फाटणारं. कातकरणीला पहिल्यांदा दोन-तीन कपडे बदलायला मिळाले ते अशाच कापडामुळे, हे खादीप्रेमींनी (मीही त्यातलाच) कबूल केलं पाहिजे. धाटावच्या वसाहतीत रसायनांचे कारखाने आले. आणि कुंडलिका? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित नद्यांच्या पट्ट्यांची यादी काढली, तीत रोह्यापासून खालची कुंडलिका आहे. खैराचा रंग गेला, पुड्यांतला रंग आला. रान एका बाजूने बंद झालं, नदी दुसऱ्या बाजूने. मासे-चिंबोऱ्यांवर पोट असणाऱ्याला दोन्हीचा फटका, आणि कारखान्यातली कायमची नोकरी त्याच्या वाट्याला क्वचितच.

शाळेच्या बाईंचा हेतू वाईट नाही हो. पोरांना आपल्या जमातीचा अभिमान वाटावा, एवढंच त्यांना हवं. पण मग त्या दिवशी पोरीला लुगडं नेसवण्याऐवजी खैराचं एक रोप लावायला लावा, तिच्या आजीला बोलावून कात कसा करायचे ते सांगायला लावा. आजीला टोपलीतल्या प्रत्येक भाजीचं नाव, जागा, शिजवायची रीत ठाऊक आहे. हे शिक्षण नव्हे तर काय?

गाडी आली तेव्हा म्हातारीने टोपली उचलता उचलता मूळ विषय काढला. लुगडं राहू द्या म्हणाली, पण कार्यक्रमाला मोठे साहेब येणार, त्यांच्या हातात एक अर्ज द्यायचा आहे, तो लिहून द्या. वाडीखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. तीन पिढ्या तिथे झोपड्या आहेत, पण घरकुल मंजूर व्हायला जागेचा कागद लागतो. रायगडात अशा कातकरी वाड्या कितीतरी आहेत. फार्महाऊसचे भाव वाढले की जमिनीचा मालक फिरकतो आणि वाडी हलवा म्हणतो. शेतमजुराच्या राहत्या घराखालची जागा त्याच्या नावे करण्याची तरतूद कूळकायद्यात आहे, गावठाण वाढवून देण्याचाही मार्ग आहे. दोन्ही मुद्दे घालून मी अर्ज लिहिला.

नऊ तारखेला नात गणवेशात गेली. अर्ज वाडीतल्या बावीस जणांच्या सह्या-अंगठ्यांनिशी साहेबांना दिला, त्यांनी तो खाली कचेरीकडे पाठवला. पोच म्हातारीकडे आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुडाच्या भिंतीत खोचलेली.