आधीं विचार, मग संगणक

गिरगांवच्या चाळींत काय किंवा परळ-लालबागच्या नव्या उंच इमारतींत काय, संगणक आतां पुष्कळ घरीं पोहोंचला आहे, आणि त्यास आज्ञावली लिहून देण्याची विद्या मुलें उत्साहानें शिकूं लागलीं आहेत. ही संतोषाची गोष्ट होय. परंतु या विद्येचा आरंभ यंत्रापासून करावा कीं विचारापासून, हा प्रश्न विद्यार्थी व पालक या उभयतांनींही मनावर घेण्याजोगा आहे. एका लहानशा कोड्याच्या आधारें आम्ही आमचें मत मांडतों.

१ ते ९ हे अंक प्रत्येकीं एकदांच वापरून नऊ अंकी संख्या अशी करा कीं, तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येस २ नें, पहिल्या तीन अंकांच्या संख्येस ३ नें, आणि याच क्रमानें संपूर्ण संख्येस ९ नें निःशेष भाग जावा. या अंकांच्या एकंदर रचना ३,६२,८८० होतात. संगणक त्या सर्व पाहतां पाहतां तपासून टाकील. मग डोकें कशास शिणवावें, असें कोणी विचारील.

पण थोडें थांबून पाहा. ५ नें भाग जाण्यास पांचव्या स्थानीं ५ हाच अंक हवा. सम स्थानीं सम अंक हवेत. म्हणजे विषम अंक विषम स्थानींच राहणार. एवढ्यानेंच ३,६२,८८० च्या ५७६ रचना झाल्या! तिसरा अंक विषम असल्यामुळें ४ नें भाग जाण्यास चौथा अंक २ किंवा ६ च असला पाहिजे. त्याच न्यायानें आठवाही. ३ व ६ यांच्या कसोट्यांनीं मधले तीन अंक २५८ किंवा ६५४ ठरतात. असें चाळीत गेलें असतां शेवटीं दहाच संख्या उरतात. त्यांस ७ ची कसोटी लावली कीं ३८१६५४७२९ ही एकटीच टिकते. अंकांची बेरीज ४५ असल्यानें ९ ची चिंता मुळींच नको.

उत्तर यंत्रानेंही हेंच दिलें असतें. परंतु तें एकच कां, हें त्यानें सांगितलें नसतें. शिवाय यंत्राच्या बळासही मर्यादा आहे. नऊ अंकांऐवजीं वीस निरनिराळीं चिन्हें घेतलीं, तर दर सेकंदास दहा कोटी रचना तपासणाऱ्या यंत्रासही सातशेंहून अधिक वर्षें लागतील. तेव्हां विचार हा केवळ अलंकार नव्हे. त्यावांचून यंत्रही पांगळें होय.

अंकांच्या अदलाबदलीचा हा विषय आपल्याकडे नवा नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या 'लीलावती'चें शेवटचें प्रकरण 'अंकपाश' हें याच विषयावर आहे. सर्व संख्या मांडून न बसतां त्यांची बेरीज काढण्याची रीत त्यांत दिली आहे. आपल्या काळाजवळचें उदाहरण द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचें. देवळाली येथें हे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. डोंबिवली स्थानकाचें जुनें नांव डेम्लो. तेथें सुचलेल्या संख्यांस त्यांनीं 'डेम्लो संख्या' म्हटलें. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेंच पुनः पुनः करा. फार तर सात वेळांत ६१७४ येते. हा शोध त्यांनीं १९४९ मध्यें लाविला. अंकांच्या बेरजेनें भाग जाणाऱ्या संख्यांस त्यांनीं 'हर्षद' हें गोड नांव दिलें. ६१७४ हीही हर्षदच. १८ नें भागून पाहा, ३४३ येतात. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत लिहिल्यावर त्यांची कीर्ति जगभर पसरली. त्यांचें साधन मात्र कागद, पेन्सिल व अखंड जिज्ञासा एवढेंच होतें.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलानें उत्तर किती लवकर आणलें हें न विचारतां, कोणत्या रचना कोणत्या कारणानें सोडल्या, हें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, संगणक अवश्य शिका. परंतु त्यास आज्ञा देण्यापूर्वीं पाटीवर दोन ओळी लिहा. ज्याला काय टाळावें हें कळतें, त्याचीच आज्ञा यंत्र नीट पाळतें.