एचआर म्हणजे ओम्बड्स नव्हे

'जुम्म्याला पुन्हा गायब? रिलीज कोण बघणार?' असं हसत विचारतात. टीम-लंच नेमकं रोज्यांत ठरतं. यावर लेखी तक्रार काय करणार? पुरावा नाही, आणि केलीच तर 'फार सेन्सिटिव्ह आहे' हा शिक्का कायमचा.

1973 मध्ये एमआयटीत रुजू झालेल्या अर्थतज्ज्ञ मेरी रो यांनी अशा बारीक, सिद्ध करायला अवघड अन्यायांना 'मायक्रो-इनइक्विटीज' हे नाव दिलं. पुढे तिथेच त्या ओम्बड्स होत्या. लोक तक्रार का करत नाहीत, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. सूडाची भीती, नाती तुटण्याची भीती. आधी हवा असतो गुप्तता राखून ऐकणारा, पर्याय सांगणारा माणूस. ओम्बड्स निवाडा देत नाही. पण एकाच विभागातून पाच जण तेच सांगू लागले, की नावं न घेता वर इशारा देतो. एचआरला हे कसं जमेल? तो व्यवस्थापनाचाच हात. त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं.

गुप्ततेच्या आड प्रकरणं दडपली जातील, असा आक्षेप येतो. जातीलच, औपचारिक वाट बंद असेल तर. सच्चर समितीने 2006 मध्ये सुचवलेला समान संधी आयोग अजून झालेला नाही. म्हणून मागायचं तर दोन्ही मागा.

आणि फक्त कंपन्यांकडे कशाला? आपल्या शिक्षणसंस्था, ट्रस्ट, जमाती बघा. तिथल्या शिक्षिकेने चेअरमनसाहेबांबद्दल कुणाशी बोलायचं? सेक्रेटरी असलेल्या त्यांच्या भावाशी?