वर्षाला 20,000 रुपयांत खोली दाखवा

मा. मंत्री, आदिवासी विकास, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या, आवक क्रमांकासह, माझ्या फायलीत आहेत. उत्तर एकाचंही नाही. ते अर्ज ज्या कार्यालयात दिले त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण खिडकीमागे बसलेल्या माणसाने दर ठरवलेले नाहीत. दर शासनाने ठरवले. म्हणून आता पत्र शासनालाच, आणि सगळ्यांसमोर.

स्वयंम योजना आपल्याला सांगायला नको. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी मुलाने शहरात खोली करून राहावं, पैसे शासन देईल, असं 2016 मध्ये ठरलं. मुंबई, पुणे, नागपूरला वर्षाचे 60,000. त्यात जेवणाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000, त्यात निवासाचे 12,000. मला बोलायचं आहे ते या निवासाच्या रकमेबद्दल. 20,000 ला 12 ने भागा. महिन्याला 1,666 रुपये. गडचिरोलीत राहणाऱ्याला 1,000. सुट्टीचे दोन महिने सोडून दहाच महिने धरले तरी नागपुरात 2,000 होतात, आणि सुट्टीत खोली सोडली की ती जूनमध्ये परत मिळत नाही.

मी आश्रमशाळेत 31 वर्षं शिकवलं. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी, भामरागड तालुक्यातली माडिया मुलगी, नागपुरात शिकायला निघाली. तिच्या वडिलांनी नागपूर कधी पाहिलेलं नाही, म्हणून मी सोबत गेलो. पाच दिवस आम्ही खोल्या बघत फिरलो. एका ठिकाणी सगळं जमत आलं होतं. मालकीणबाईंनी गाव विचारलं. भामरागड म्हणताच त्यांचा चेहराच बदलला. "तिकडचे का? नको बापा, पोलिसांची झंझट नको आमाले." दुसरीकडे आडनाव ऐकून विचारलं, "तुमी लोक मटन-मच्छी खाता ना?" ती खाली मान घालून उभी राहिली. बारावीला तालुक्यात नाव काढलेली मुलगी.

शेवटी मिळाली ती गच्चीवरची पत्र्याची खोली. दहा बाय आठ. एकच खिडकी, तीही जिन्याकडे उघडणारी. संडास खाली, तीन बिऱ्हाडांत एक. भाडं 7,500, लाइट बिल वेगळं, डिपॉझिट दोन महिन्यांचं. दुपारचे दोन वाजले होते. तिने पत्र्याला हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घेऊन टाकू सर. रात्री थंड होत असन." जिवतीकडच्या दोन कोलाम मुली सोबतीला मिळाल्या म्हणून वाट्याला 2,500 आले. डिपॉझिटचे 5,000 तिच्या वडिलांनी तेंदूपत्त्याच्या मजुरीतून दिले. मे महिन्यात घरच्या चार माणसांनी पहाटे उठून पानं तोडली, पुडके बांधले, त्याचे ते पैसे.

म्हणजे तिघी दाटीवाटीने राहूनही दर महिन्याला 834 रुपये कमी पडतात. ते जेवणाच्या पैशातून जातात. डबा दोन वेळचा होता, तो एक वेळचा झाला. हे ती सांगत नाही. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या आईला दिसलं.

आणि हे पैसे तरी वेळेवर मिळावेत? तिचा पहिला हप्ता फेब्रुवारीत जमा झाला. घरमालक फेब्रुवारीपर्यंत थांबत नाही. अर्ज अडला होता भाडेकरारावर. मालक करार लिहून द्यायला तयार नाही, आणि कराराशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55 आपण काढून बघा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, न केल्यास शिक्षाही त्यालाच आहे. कायद्याने जे मालकावर टाकलं, ते 18 वर्षांच्या मुलीच्या माथी कोणी मारलं?

भाडं किती असतं हे सरकारला कळत नाही असं म्हणायला जागा नाही. 2017 मध्ये केंद्राने सातव्या वेतन आयोगाचे भत्ते ठरवले. सगळ्यात खालच्या पदावरच्या कर्मचाऱ्यालाही घरभाडं महिन्याला मोठ्या महानगरात 5,400, नागपूरसारख्या शहरात 3,600 आणि बाकी गावांत 1,800 पेक्षा कमी मिळू नये, असं ठरलं. नीट बघा. लहानात लहान गावासाठी सरकारने जी किमान रक्कम ठरवली, त्याहूनही कमी रकमेत आमच्या पोरांनी पुण्या-मुंबईत राहावं अशी आपली अपेक्षा आहे. त्याच वेतन आयोगाचा महागाई भत्ता 2016 ला शून्यापासून सुरू झाला, तो जानेवारी 2024 ला 50 टक्क्यांवर गेला. एसटीने 2018 ला आणि 2021 ला भाडं वाढवलं. निवासाचे 20,000 मात्र आठ वर्षांत एका रुपयाने हलले नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये इतर मागासवर्गीय मुलांसाठी आधार योजना मंजूर झाली, तिच्यातही तेच 60,000. त्या मुलांना मिळावेतच, माझं काही म्हणणं नाही. पण सात वर्षांनी नवी योजना करताना खोलीचं भाडं एकाही अधिकाऱ्याने विचारलं नाही?

2018 च्या जुलैत आदिवासी मुलं जेवणाच्या पैशांच्या प्रश्नावर पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. सांगितलं नाही, असं आपण म्हणू शकत नाही.

मी भीक मागत नाही. निवासाची रक्कम घरभाडे भत्त्याच्या किमान दराला जोडा, म्हणजे तो वाढला की हीही वाढेल. पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात द्या. करार नसेल तर मुलीचं स्वयंघोषणापत्र आणि भाड्याची पावती चालवून घ्या, आणि करार न देणाऱ्या मालकाला नोटीस काढा. नागपुरात वसतिगृहं वाढवा. बाप तेंदूपत्ता तोडतो आणि पोरगी गच्चीवर पत्र्याखाली शिकते, या पैशात दोघांचंही आयुष्य झिजतंय, आणि त्याची जबाबदारी आपल्या खात्यावर आहे.

जिवतीकडच्या दोघींपैकी एक यंदा परत आलेली नाही. वाटेकरी दोनच उरल्या, भाडं वाट्याला 3,750 आलं, म्हणून ती पत्र्याची खोलीही सोडावी लागली. येत्या शनिवारी मी आणि उरलेल्या दोघी पुन्हा खोली शोधायला निघतोय. आपल्या खात्यातला एक माणूस आमच्यासोबत पाठवा. 1,666 रुपयांत त्याने दाखवलेली खोली आम्ही त्याच दिवशी घेऊ.

आपला,
एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक
जिल्हा गडचिरोली, जुलै 2024