दोन खोल्यांचे घरकुल, घरच्या घरी

शिरूर-दौंडच्या मैत्रिणींनो, गावच्या गुंठाभर जागेत दोन खोल्या आपणच उठवायच्या ठरले, की घरात सगळी चर्चा स्लॅबची! अहो, आधी पायाखाली बघा. भीमाकाठची काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंत तडकायला वेळ लागत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खणवा. जोत्यातही मुरमाचीच भर घाला. शेतातली माती फुकट मिळते खरी, पण पुढे तीच फरशी उचलते. रंग काय, पुढच्या दिवाळीला होईल.

जागा लहान म्हणून खट्टू होऊ नका. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतही घर किमान २५ चौरस मीटरचेच धरले, स्वयंपाकाची जागा त्यातच. तेही ठेकेदाराकडून नव्हे, कुटुंबानेच बांधायचे.

विटा भिजवूनच लावायला सांगा. कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते. भिंतीला निदान आठवडाभर पाणी मारायचे, स्लॅबवर वाफे करून दोन आठवडे पाणी तुंबवायचे. हे काम बहुधा आपल्याच वाट्याला येते, सकाळच्या डब्यांच्या गडबडीत!

आणि हो, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर ‘ह्यां’च्या जोडीला आपलेही नाव लावून घ्या. ‘नंतर बघू’ म्हणतील. पाणी मारताना कुणी नंतर म्हणाले होते का?