आहेर, खेळणी आणि सीलिंग फॅन

भेटवस्तू हा विषय मराठी माणसाने कधी फार गंभीरपणे घेतलेला नाही. लग्नात आलेला लेमन सेट मुंजीत खपवायचा, मुंजीत आलेलं भिंतीवरचं घड्याळ वास्तुशांतीला पुढे ढकलायचं. एखादा कॅसेरोल तर पाच घरं फिरून मूळ मालकाकडे परत येतो. (आमच्या घराण्यात एका टी-सेटने असा भारतभ्रमणाचा पराक्रम केलेला आहे.) मोठ्यांच्या बाबतीत हे चालून जातं, कारण मोठी माणसं "अय्या, कित्ती छान!" म्हणतात आणि डबा माळ्यावर टाकतात.

लहान मूल असं करत नाही, आणि ऑटिस्टिक मूल तर मुळीच करत नाही. त्याला तुमची वस्तू आवडली नाही तर ते तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, किंवा कान दाबून दुसऱ्या खोलीत जाईल. मग देणारा हिरमुसतो, आई ओशाळते आणि सगळे मिळून त्या पोराकडे असे बघतात की जणू गुन्हा त्याचाच आहे.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "अरे, बायकोच्या मैत्रिणीच्या मुलाचा पाचवा वाढदिवस आहे. ऑटिस्टिक आहे. काय नेऊ?" माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्यालाही ऑटिझम आहे, त्यामुळे मित्रमंडळींत मी या विषयातला 'एक्सपर्ट' ठरलोय. तसा मी नाही. डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. मी फक्त मामा आहे. पण या विषयावर माझी मतं आहेत आणि ती बऱ्यापैकी ठाम आहेत.

पहिलं मत. खोक्यावर छापलेलं '५+' विसरा. कुठलं कौशल्य कुठल्या वयात येतं याची सरासरी काढून तो आकडा येतो, आणि ऑटिझममध्ये नेमकी ही सरासरीच लागू पडत नाही. माझा भाचा लोकल ट्रेनचे इंडिकेटर धडाधड वाचतो, "पुढील स्टेशन ठाणे" ही घोषणा तिन्ही भाषांत त्याच सुरात म्हणून दाखवतो, पण पाणी हवं असेल तर तसं सांगणं त्याला अजून जड जातं. आता याचं वय किती धरायचं? वाचनाचं धरलं तर दहा, संभाषणाचं धरलं तर तीन. त्यामुळे दुकानदाराला वय सांगून खेळणं मागण्यात अर्थ नाही. आईला फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: त्याला काय आवडतं, काय सहन होत नाही, आणि तो वस्तू तोंडात घालतो का? आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात. ते न करता केलेल्या डिलिव्हरीचं काय होतं हे वाचकांपैकी निम्म्यांना तरी मी सांगायला नको. :)

यातला 'सहन काय होत नाही' हा प्रश्न लोक हमखास गाळतात. प्रकाश, आवाज, स्पर्श, वास यांना कमी किंवा जास्त प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत २०१३ साली, डीएसएम-५मध्ये, अधिकृतपणे आलं. घरच्यांना ते आधीपासूनच माहीत होतं. कुणाला शर्टाच्या मानेमागचं लेबल चावतं, कुणाला स्लाइमचा स्पर्श किळसवाणा वाटतो, तर कुणी तासन्तास तांदळात हात घालून बसतं. एकाच मुलाला मिक्सरचा आवाज असह्य होतो आणि तेच मूल स्टीलचं ताट फरशीवर आनंदाने आपटतं.

यात विसंगती वाटते ना? पण ही गोष्ट लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ सालीच टिपून ठेवली होती. अकरा मुलांवरच्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात व्हॅक्यूम क्लीनरला आणि चावीच्या खेळण्यांना घाबरणारी मुलं आहेत, आणि स्वतः तितकाच मोठा आवाज मजेत करणारीही आहेत. भीती नुसत्या आवाजाची नव्हती, तो अवचित अंगावर येण्याची होती. खेळणं निवडताना हे फार उपयोगी पडतं. लाइट मारत, सायरन वाजवत स्वतःच घरभर पळणारी पोलीस गाडी नको. ज्याचं बटण, ज्याची चावी, ज्याचा वेग मुलाच्या हातात आहे असं काहीतरी द्या. भोवरा, घसरगुंडीवरून गोट्या सोडायचा खेळ, हाताने फिरवायची दातेरी चाकं. सावंतवाडीची किंवा चन्नपट्टणची लाकडी खेळणीही मला आवडतात. गुळगुळीत असतात, हातात वजन जाणवतं आणि मुख्य म्हणजे गप्प बसतात.

आता जरा वादाचा मुद्दा. भाच्याला लोकलच्या आधी सीलिंग फॅनचं वेड होतं. कुठल्याही घरात गेला की आधी मान वर. पाती किती, रेग्युलेटर कुठे, कुठला फॅन आधी थांबतो. नातेवाइकांचं एकमत होतं की याला फॅनपासून तोडलं पाहिजे, 'नॉर्मल' खेळणी दिली पाहिजेत, नाहीतर वेड वाढेल. माझं मत बरोबर उलटं आहे. वेड आहे तेच द्या. फॅनचं चित्रांचं पुस्तक करून द्या, हाताने फिरणारा छोटा पंखा द्या, भिरभिरं द्या. आपल्यापैकी कुणाला क्रिकेटचं वेड असतं आणि स्कोअरकार्डं पाठ असतात, तेव्हा आपण त्याला छंद म्हणतो. सहा वर्षांच्या पोराला पंख्यांची माहिती असली की लगेच लक्षण!

यामागे नुसता हळवेपणा नाही. त्याच्याशी गप्पा मारायचा दरवाजा तिथेच आहे. भाचा माझ्याशी जे पहिलं आपणहून बोलला ते "मामा, तीन पाती" असं होतं. 'स्वमग्न' हा आपला शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. तो स्वतःत मग्न नव्हता, पंख्यात मग्न होता, आणि त्या पंख्याकडे मी त्याच्यासोबत बघावं अशी त्याची इच्छा होती.

याला जोडूनच एक टीप. त्याचं आवडतं खेळणं कुठलं ते विचारा आणि अगदी तेच, त्याच रंगाचं, दुसरं आणा. मोठ्यांना यात काही कल्पकता वाटत नाही. पण ज्या घरात एक निळी गाडी हरवल्यामुळे रात्रभर कुणी झोपलेलं नाही, त्या घराला बॅकअपची किंमत विचारून बघा.

दुसरा वादाचा मुद्दा 'एज्युकेशनल' खेळण्यांचा. ऑटिझम म्हटलं की लोक फ्लॅशकार्ड, भावना ओळखायचे तक्ते, बोटांच्या व्यायामाची किटं घेऊन हजर होतात. हेतू चांगलाच असतो. पण हे मूल आठवडाभर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि शाळा करत असतं. त्याला वाढदिवसालाही गृहपाठच द्यायचा? 'तू आत्ता आहेस तसा पुरेसा नाहीस' हे त्याला वर्षाचे बाकीचे दिवस कुणी ना कुणी सांगतच असतं. निदान भेटवस्तूने ते सांगू नये. थेरपीला लागणारा झोपाळा किंवा तसली साधनं महाग असतात आणि आईवडिलांना त्यात खरंच मदत हवी असते, हे मान्य. मग ती मदत सरळ आईवडिलांना द्या, त्यांना विचारून द्या. मुलासाठी वेगळी, निव्वळ मजेची वस्तू आणा, मग ती पन्नास रुपयांची का असेना.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. अनेक मुलं पाच-सहा वर्षांची झाली तरी वस्तू तोंडात घालतात. बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. एकापेक्षा जास्त लोहचुंबक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. भारतात १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेव्हा ते बघून घ्या. आणि वजनदार ब्लँकेट कुठेतरी वाचून परस्पर आणू नका. ते मुलाच्या थेरपिस्टला विचारल्याशिवाय घ्यायची गोष्ट नाही.

आता देण्याची पद्धत. आपल्याकडे वाढदिवस म्हणजे फुगे फुटणार, पंचवीस माणसं टाळ्या वाजवत ओरडणार, आणि मग "काकांना थँक्यू म्हण, पापी दे, तरच मिळेल!" यातली एकेक गोष्ट या मुलाला जड जाते आणि आपण सगळ्या एकदम करतो. मग ते रडतं. दोन-तीन वेळा असं झालं की आईवडील समारंभांना जाणं बंद करतात, आणि पुढे लोकही बोलावणं बंद करतात. माझ्या बहिणीच्या घरी हे घडताना मी बघितलंय. मला खरी काळजी याची वाटते. चुकीचं खेळणं कपाटात जातं, पण इथे अख्खं कुटुंब माणसांतून उठतं.

म्हणून आदल्या दिवशी वस्तूचा फोटो पाठवा, आई त्याला दाखवून ठेवेल. चमचमत्या कागदात गुंडाळू नका, साध्या पिशवीत द्या. सगळ्यांसमोर उघडायचा आग्रह नको. बाजूला ठेवा आणि विसरून जा. तो चार दिवसांनी उघडेल, कदाचित महिन्याने. थँक्यूची वाट बघू नका. आणि जमलं तर एखाद्या रविवारी तीन तास त्याच्याजवळ बसा, म्हणजे आईवडील एक सिनेमा बघून येतील. अर्थात आधी दोन-चार वेळा नुसतं जाऊन ओळख करून घ्यावी लागेल.

एक राहिलंच. त्या घरात एखादी ताई किंवा दादा असेल तर त्यांच्यासाठीही काहीतरी न्या. भाच्याची मोठी बहीण नऊ वर्षांची आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला आधी "भाऊ कसा आहे?" हेच विचारतो.